उद्या क्लोजिंग, आणि आज घरात पाणी

“काका, उद्या सकाळी क्लोजिंग आहे. आत्ता वॉक-थ्रूला आलोय तर किचनचं छत ओलं दिसतंय. काय करू?”

असा एखादा तरी फोन मला दर हिवाळ्यात येतो. क्लोजिंग म्हणजे सह्या होऊन, पैसे देऊन घर तुमच्या नावावर होण्याचा दिवस, आणि वॉक-थ्रू म्हणजे त्याआधी घर शेवटचं फिरून बघणं. करणारे बहुतेक अमेरिकेत येऊन चार-पाच वर्षं झालेले, पहिलंच घर घेणारे. अपार्टमेंटची लीज संपत आलेली असते, सामानाचा ट्रक ठरलेला असतो, आई-बाबांची तिकिटं निघालेली असतात, गुरुजींना विचारून वास्तुशांतीची तारीखही धरलेली असते. आवाजात भीती असते आणि भीतीच्या मागे एक आशा, की काका म्हणतील, “एवढं काही नाही रे, सही करून टाक, नंतर बघू.”

मी ते कधीच म्हणत नाही. सही होईपर्यंत विकणाऱ्याला तुमची गरज असते. सही झाली, पैसे गेले, की ते ओलं छत तुमचं. इथल्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: डीड, म्हणजे मालकी तुमच्या नावे करणारा कागद, हाती पडलं की खरेदीकरारातली बहुतेक आश्वासनं त्यातच विरून जातात. क्लोजिंगनंतरही लागू राहील असं ज्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं असेल, तेवढंच टिकतं. अनेकांना असंही वाटतं की सही केल्यावर तीन दिवसांत सौदा मोडता येतो. ती सवलत राहत्या घरावर रीफायनान्स (जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज) किंवा होम इक्विटी (घर तारण ठेवून) कर्ज घेणाऱ्यांसाठी आहे. घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाला ती लागूच होत नाही. म्हणून जे करायचं ते सहीच्या आधी, आणि कागदावर.

आमचं न्यू जर्सीतलं घर घेताना आम्ही यातून गेलोय. जानेवारी होता. विकणारं कुटुंब दोन आठवड्यांपूर्वीच घर रिकामं करून दुसऱ्या राज्यात गेलं होतं आणि जाताना थर्मोस्टॅट अगदी खाली करून गेलं होतं. क्लोजिंगच्या आदल्या दुपारी दार उघडलं तर आधी वास आला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. किचनच्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग होता आणि मधोमध रंग पोळीसारखा फुगला होता. मी मान वर करून बघत असतानाच एक थेंब चष्म्यावर पडला. वर बाथरूममध्ये बेसिनखालचा पाइप गोठून फुटला होता. शेजारच्या खोलीत कार्पेटवर पाय ठेवला की पचपच आवाज येत होता. पुढे काय काय करावं लागलं ते क्रमाने सांगतो. त्यात आमच्या चुकाही आल्या.

पहिला तास

आधी पाणी बंद. मेन व्हॉल्व्ह बहुधा बेसमेंटमध्ये, रस्त्याकडच्या भिंतीतून पाइप आत येतो तिथे, किंवा मीटरजवळ असतो. घर अजून तुमचं नाही, त्यामुळे तुमच्या एजंटने समोरच्या एजंटला तिथूनच फोन लावावा आणि परवानगी घेऊन व्हॉल्व्ह फिरवावा. पाणी छतातल्या दिव्यातून किंवा इलेक्ट्रिक पॅनेलच्या जवळून येत असेल तर एकाही स्विचला हात लावू नका, बाहेर या.

मग फोटो. घाई करू नका, मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत काढा. आधी पूर्ण खोली, मग डाग, मग डागाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवून जवळून. थर्मोस्टॅटवरचा आकडा, पाण्याचं मीटर, फुटलेला पाइप, डागाच्या बरोबर खालची फरशी हे सगळं घ्या. शेवटी एक सलग व्हिडिओ करा आणि चालता चालता तारीख, वेळ, खोली तोंडाने बोला. घर घेण्याआधी करून घेतलेल्या तपासणीच्या (इन्स्पेक्शनच्या) रिपोर्टमधले त्याच खोलीचे जुने फोटो शोधून ठेवा. तेव्हा छत कोरडं होतं याचा त्याहून चांगला पुरावा तुमच्याकडे दुसरा नसतो.

त्याच संध्याकाळी लेखी कळवा. आमच्याकडून इथेच चूक झाली. आम्ही फक्त फोनवर बोललो आणि समोरच्या एजंटने “हो हो, बघतो” म्हटल्यावर निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी आमच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “लेखी काय आहे?” काहीच नव्हतं. तुमचा वकील किंवा एजंट यांच्यामार्फत एक छोटी ईमेल जाऊ द्या: काय दिसलं, कुठे, किती वाजता, सोबत फोटो, करारातले आमचे सगळे हक्क आम्ही राखून ठेवत आहोत, विकणाऱ्याने आपल्या विमा कंपनीला आजच कळवावं, आमच्या माणसाला तपासणीसाठी आत जाऊ द्यावं. राग, आरोप, “तुम्ही निष्काळजी आहात” वगैरे काही नको. आणि कोणालाही टेक्स्टवर “चालेल, सांभाळून घेऊ” असं लिहू नका. घाबरलेल्या अवस्थेत लिहिलेलं तेच वाक्य नंतर समोर ठेवलं जातं.

पाणी उपसणं आणि वाळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, पण ते आजच सुरू व्हावं यासाठी मागे लागणं तुमच्या हिताचं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सापडलेलं पाणी सोमवारपर्यंत तसंच राहिलं, तर सोमवारी तुमच्यासमोर नुसता ओलावा उरलेला नसतो. विकणाऱ्याच्या विम्यातही नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते, हे समोरच्या एजंटला आठवण करून दिलं की हालचाल होते.

स्वतः दुरुस्ती मात्र सुरू करू नका. मेहुण्याला ड्रायवॉलचं (भिंती-छताच्या जिप्सम पाट्यांचं) काम येत असलं तरी नाही.

आता करार बाहेर काढा

घरी जाऊन खरेदीकरारात दोन कलमं शोधा. एकाचं नाव बहुधा ‘रिस्क ऑफ लॉस’ किंवा ‘कॅज्युअल्टी’ असतं: क्लोजिंगच्या आधी घराचं नुकसान झालं तर भार कोणावर. दुसरं, घर कोणत्या अवस्थेत हाती द्यायचं: नेहमीच्या वापराची झीज सोडून, करार झाला त्या दिवशी होतं तसं. घर ‘ॲज इज’ घेतलं असलं तरी हे दुसरं कलम वाचा. ‘ॲज इज’ म्हणजे साधारणपणे करार झाला तेव्हा जसं होतं तसं. नंतर पाइप फुटून बिघडलेलं घर तसंच गळ्यात घालायची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही.

हे कलम इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्यानुसार करारावर सही झाली की घर जळालं तरी तोटा घेणाऱ्याचा धरला जाई. हा अन्याय दूर करण्यासाठी १९३५ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला आणि न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, टेक्सास अशा काही राज्यांनी तो स्वीकारला. त्यानुसार मालकी किंवा ताबा यांपैकी काहीच तुमच्याकडे आलेलं नसेल आणि घराचा मोठा भाग तुमच्या चुकीशिवाय नष्ट झाला असेल, तर विकणारा तुमच्यावर खरेदीची सक्ती करू शकत नाही आणि दिलेले पैसे तुम्हाला परत मिळतात. पण करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तर करार चालतो. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, स्वतःचा कागद वाचा.

राज्याराज्यांत किती फरक पडतो बघा. टेक्सासमध्ये रिअल इस्टेट कमिशनचा जो ठरावीक करार वापरतात, त्यात विकणाऱ्याने क्लोजिंगच्या तारखेपर्यंत घर पूर्ववत करायचं असतं. त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने ते झालं नाही तर घेणाऱ्यापुढे तीन पर्याय असतात: करार संपवून अर्नेस्ट मनी (इसाऱ्याची रक्कम) परत घ्यायची, १५ दिवसांपर्यंत मुदत वाढवून द्यायची, किंवा आहे त्या अवस्थेत घर घ्यायचं, विकणाऱ्याच्या विमा कंपनीची परवानगी असेल तर विम्याची रक्कम आपल्या नावे करून घ्यायची आणि डिडक्टिबलइतके (दाव्यात मालकाने स्वतः सोसायच्या रकमेइतके) पैसे क्लोजिंगला वळते करून घ्यायचे. फ्लोरिडात रिअल्टर (घरांचे एजंट) आणि बार (वकील) यांच्या संघटनांच्या नमुना करारात सीमारेषा किमतीच्या १.५ टक्क्यांची आहे. दुरुस्ती त्याच्या आत बसत असेल तर खर्च विकणाऱ्याचा आणि क्लोजिंग पुढे चालू. काम अपुरं राहिलं तर उरलेल्या अंदाजाच्या १२५ टक्के रक्कम, त्याच १.५ टक्क्यांच्या मर्यादेत, एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या खात्यात, बाजूला ठेवतात. खर्च त्यावर गेला तर घेणाऱ्याने ठरवायचं: तेवढी रक्कम घेऊन घर जसं आहे तसं घ्यायचं, की डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडायचं. चार लाख डॉलरच्या घराला ही रेषा ६,००० डॉलरवर येते. छत, कार्पेट आणि लाकडी फरशी एवढ्यानेच ती ओलांडली जाऊ शकते.

मुदती पाहा. “इतक्या दिवसांत लेखी कळवावं” असं असेल तर तो दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. ज्यांनी आत्तापर्यंत वकील घेतलेला नाही त्यांनी या टप्प्यावर घ्या. एजंट कितीही चांगला असला तरी करारातल्या वाक्याचा कायदेशीर अर्थ सांगणं हे त्याचं काम नाही, आणि सौदा झाला तरच त्याला कमिशन मिळतं.

ताब्याचा मुद्दा वर ओझरता आला, पण आपल्या लोकांना तोच नडतो. “दोन दिवस आधी गॅरेजमध्ये खोकी ठेवू का, कलश ठेवून येऊ का?” ही विनंती आपल्याकडे सर्रास होते आणि भला विकणारा किल्लीही देतो. वरच्या नमुना कायद्यात ताबा गेला की जोखीमही घेणाऱ्याकडे जाते, आणि तुमचा विमा तर क्लोजिंगच्या दिवसापासून सुरू होणार असतो. मधल्या दोन दिवसांत पाइप फुटला तर कोण भरणार यावर वाद पेटतो. पूजा क्लोजिंगनंतर करा. मुहूर्त पुन्हा मिळतो.

नुकसान खरं किती

छतावरचा डाग ताटाएवढा दिसतो, आतलं नुकसान मात्र खोलीभर पसरलेलं असू शकतं. पाणी ड्रायवॉलच्या मागून, इन्सुलेशनमधून, फरशीच्या खालून लांबवर जातं. म्हणून विकणाऱ्याच्या माणसाच्या तोंडी अंदाजावर थांबू नका. ज्याने इन्स्पेक्शन केलं त्यालाच मॉइश्चर मीटर घेऊन पुन्हा बोलवा आणि पाण्याच्या नुकसानीचं काम करणाऱ्या परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी अंदाज घ्या. शक्य असेल तर दोन कॉन्ट्रॅक्टरांकडून.

आमच्या घरी इन्स्पेक्टरने मीटर भिंतीला लावत लावत निळ्या टेपने एक रेघ आखली: इथपर्यंत ओलं. डाग किचनमध्ये होता, पण रेघ जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर जाऊन थांबली. ती टेप बघितल्यावर विकणाऱ्याच्या बाजूने चाललेली “फक्त रंग मारून देतो” ही भाषा बंद झाली.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर भिंती फोडण्याआधी रंगातल्या शिशाचा विचार करावा लागतो आणि काम करणारा त्यासाठी प्रमाणित लागतो. जुन्या खडबडीत पॉपकॉर्न छतात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या. या दोन्हींनी खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, त्यामुळे अंदाजात त्यांचा उल्लेख आहे का ते बघा.

बँकेला आजच सांगा

अनेकांचा सल्ला असतो की बँकेला कळवू नका, कर्ज अडकेल. हा सल्ला ऐकू नका. बँक ज्या घराच्या किमतीवर पैसे देतेय त्या घरात बदल झाला आहे, आणि तो दडवून सही करणं तुमच्यावर शेकू शकतं. लोन ऑफिसरला फोटो आणि अंदाज पाठवा. बँक कदाचित मूल्यांकन करणाऱ्याला पुन्हा पाठवेल आणि दुरुस्ती झाल्याचा रिपोर्ट मागेल. राष्ट्राध्यक्षांनी आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागात घर असेल तर तुमच्या घराला काही झालेलं नसतानाही पुन्हा तपासणीची अट येऊ शकते.

रेट लॉक, म्हणजे ठरलेला व्याजदर टिकवून ठेवण्याची बँकेची मुदत, कधी संपतो ते त्याच फोनवर विचारा. लॉक साधारण ३०, ४५ किंवा ६० दिवसांचे असतात आणि वाढवायला पैसे लागतात. विकणाऱ्याच्या घरातल्या नुकसानीमुळे तारीख पुढे जात असेल तर ते पैसे त्याच्याकडून मागणं रास्त आहे, आणि मागितले तर पुष्कळदा मिळतातही.

एक भीती विनाकारण असते: “क्लोजिंग डिस्क्लोजर बदललं तर पुन्हा तीन दिवस थांबावं लागेल.” कर्जाच्या अटी आणि सगळा खर्च मांडलेला हा बँकेचा कागद सहीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी हाती यावा लागतो हे खरं. पण ती मुदत नव्याने तीनच कारणांनी सुरू होते: एपीआर (शुल्कं धरून कर्जाचा वार्षिक दर) ठरलेल्या मर्यादेबाहेर बदलला, कर्जाचा प्रकार बदलला, किंवा मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड अशी अट नव्याने आली. वॉक-थ्रूमध्ये काही सापडलं म्हणून विकणाऱ्याने क्रेडिट दिलं, म्हणजे तुमच्या क्लोजिंग खर्चातला काही भाग उचलला, एवढ्याने ती सुरू होत नाही. कोणी तसं सांगून घाई करत असेल तर लोन ऑफिसरकडून लेखी विचारून घ्या.

विमा: कोणाचा, कधीचा

तुमची पॉलिसी क्लोजिंगपासून पुढचं बघते, आधीचं नुकसान तिच्यात बसत नाही. म्हणजे दावा विकणाऱ्याच्या पॉलिसीवरच व्हायला हवा. तिथेही अडचणी असतात. गोठून फुटलेल्या पाइपचं नुकसान तेव्हाच भरून मिळतं, जेव्हा मालकाने घर गरम ठेवण्याची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करण्याची वाजवी काळजी घेतलेली असते. थर्मोस्टॅटचा फोटो काढा म्हणालो तो एवढ्यासाठी. दावा नाकारला जाणार असेल तर “विम्याचे पैसे आले की देतो” या आश्वासनाला काही अर्थ उरत नाही. पुराचं पाणी तर नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत धरतच नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी असते.

विम्याची रक्कम आपल्या नावे करून घेण्याचा पर्याय निवडणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा. विमा कंपनीची लेखी संमती आहे का? चेकवर विकणाऱ्याच्या जुन्या बँकेचंही नाव येणार आहे का? आणि रक्कम घसारा वजा करून आहे की पूर्ण? नव्याच्या किमतीने भरपाई देणाऱ्या पॉलिसीतही कंपनी आधी घसारा कापून पैसे देते आणि उरलेले काम पूर्ण झाल्यावर सोडते. घर विकून गेलेला माणूस ते काम करणार नसतो, मग ती उरलेली रक्कम कोणालाच न मिळण्याचा धोका असतो.

वादळाच्या दिवसांत किनाऱ्यालगत घर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: चक्रीवादळ जवळ आलं की विमा कंपन्या नव्या पॉलिसी देणं काही दिवस थांबवतात. पॉलिसी नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर क्लोजिंग नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात घर घेत असाल तर पॉलिसी आधीच पक्की करून ठेवा.

कोणता मार्ग धरायचा

विकणाऱ्याने दुरुस्ती करून द्यावी आणि क्लोजिंग तेवढं पुढे जावं, हा मला पाण्याच्या आणि आगीच्या नुकसानीत सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. कारण पैसे घेऊन तुम्ही भिंत उघडली आणि आत दुप्पट नुकसान निघालं, तर तो भार तुमचा. पण “दुरुस्ती करून देऊ” एवढंच लिहून घेऊ नका. करारातल्या लेखी बदलात (अमेंडमेंटमध्ये) यावं: कोणती भिंत, कोणती फरशी, कोणत्या मालाने, काम परवानाधारक माणसाकडून, लागत असेल तिथे परमिट, क्लोजिंगआधी बिलं, पैसे पोचल्याच्या पावत्या आणि लीन वेव्हर, आणि आमच्या इन्स्पेक्टरने पुन्हा तपासल्यावरच सही. लीन वेव्हर म्हणजे “माझे पैसे मिळाले, या घरावर माझा दावा नाही” असं कॉन्ट्रॅक्टरने लिहून देणं. ते नसेल आणि विकणाऱ्याने त्याचे पैसे बुडवले, तर तो तुमच्या घरावर दावा लावू शकतो. पाणी वाळवणाऱ्या कंपनीकडून रोजच्या ओलाव्याच्या नोंदीही मागून घ्या.

किरकोळ गोष्ट असेल, म्हणजे सामान हलवताना फरशीवर पडलेला ओरखडा, फुटलेली काच, बंद पडलेला डिशवॉशर, तर क्लोजिंगला क्रेडिट घेऊन मोकळं व्हा. फक्त क्रेडिटला बँकेच्या मर्यादा असतात. राहायच्या घरासाठी फॅनी मे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) हिच्या नियमांनी चालणाऱ्या कर्जात डाऊन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर विकणाऱ्याकडून किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंतच घेता येतं. डाऊन पेमेंट १० ते २५ टक्क्यांच्या मधे असेल तर ६ टक्के, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर ९ टक्के. सरकारी विम्याच्या एफएचए कर्जात मर्यादा ६ टक्के. शिवाय क्रेडिट तुमच्या प्रत्यक्ष क्लोजिंग खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही. समजा चार लाखांचं घर, ५ टक्के डाऊन पेमेंट. मर्यादा १२,००० डॉलर. पण क्लोजिंग खर्च ९,००० असेल तर क्रेडिट ९,०००च, आणि त्यातही आधी कबूल झालेलं क्रेडिट धरलं जातं.

मग लोक म्हणतात, किंमत १०,००० ने कमी करून घेऊ. जरूर घ्या, पण हिशेब करून. ५ टक्के डाऊन पेमेंटवर तुमच्या खिशातले लगेच वाचणारे पैसे ५०० डॉलर, बाकीचं तीस वर्षांच्या हप्त्यांत थोडंथोडं. छत मात्र पुढच्याच आठवड्यात दुरुस्त करायचं असतं. किंमत कमी करणं त्यालाच परवडतं, ज्याच्याकडे दुरुस्तीचे पैसे वेगळे बाजूला आहेत. आणि कोणी म्हणालं की “बाहेरच्या बाहेर चेक देतो, कागदावर नको”, तर तिथेच नाही म्हणा. क्लोजिंग डिस्क्लोजरवर न दिसणारी अशी देवघेव म्हणजे बँकेची फसवणूक.

होल्डबॅक हा मधला रस्ता: क्लोजिंग करायचं, पण विकणाऱ्याच्या पैशातून अंदाजाच्या सव्वापट ते दीडपट रक्कम एस्क्रोमध्ये ठेवायची आणि काम झाल्यावर सोडायची. बर्फामुळे बाहेरचं काम अडलं असेल तेव्हा हा उपयोगी पडतो. बँकेची मान्यता लागते, सगळ्या बँका देत नाहीत. काम कोण करणार, किती तारखेपर्यंत, पैसे कोणाच्या सहीने सुटणार, कमी पडले तर कोण भरणार, हे लिहून घ्या, आणि हे कलम क्लोजिंगनंतरही लागू राहील असा स्पष्ट उल्लेख करा.

आणि करार मोडणं. पायाला तडा, मोठी आग, भिंतीत खोलवर बुरशी असेल आणि करार परवानगी देत असेल, तर मोडा. त्यात अपमान काही नाही. फक्त मुदतीत, लेखी आणि वकिलामार्फत. अर्नेस्ट मनी एस्क्रोतून सुटायला बहुतेक ठिकाणी दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे नुसतं “आम्हाला नको” म्हणून क्लोजिंगला न गेलात तर करार तुम्हीच मोडला असं ठरून ते पैसे अडकू शकतात.

तारखा हलत असताना टायटल कंपनीच्या (मालकीचे कागद तपासून क्लोजिंग पार पाडणाऱ्या कंपनीच्या) नावाने “खाते क्रमांक बदलला आहे” अशी ईमेल आली तर त्यावर पैसे पाठवू नका. अशा धावपळीतच फसवणारे डाव साधतात. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा.

ज्यांचा वॉक-थ्रू अजून व्हायचा आहे

शक्य असेल तर दोनदा जा: घर रिकामं असेल तर तीन-चार दिवस आधी एकदा, आणि क्लोजिंगच्या दिवशी सकाळी एकदा. उजेडात जा. वीज, पाणी, गॅस क्लोजिंगपर्यंत चालू राहील हे विकणाऱ्याकडून आधीच कबूल करून घ्या, नाहीतर काहीच तपासता येत नाही. थंडीत घर रिकामं राहणार असेल तर हीटिंग किती अंशांवर ठेवायचं हेही लिहून घ्या. आमच्या करारात हे नव्हतं.

आत गेल्यावर सगळे नळ पाच-दहा मिनिटं सोडा, सगळे फ्लश ओढा, मग खाली येऊन छतं आणि बेसिनखालची कपाटं बघा. हीटिंग चालवा. एसी चालवा, पण बाहेर ६० अंश फॅरनहाइटपेक्षा थंड असेल तर नको, कॉम्प्रेसर बिघडू शकतो. जिथे सोफा, पलंग, गालिचा होता तिथल्या भिंती आणि फरशी बघा, कारण इन्स्पेक्शनच्या वेळी त्या झाकलेल्या होत्या. फ्रिज, वॉशर तेच आहेत ना, जुन्या फोटोंशी ताडून बघा. निघताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा छोटा काटा बघा. पाच मिनिटांत तो जरा जरी हलला, तरी कुठेतरी गळती आहे.

आणि लीज व क्लोजिंग यांच्यामध्ये दोन आठवडे मोकळे ठेवा. महिन्याचं भाडं जास्त जाईल, पण आम्ही थांबू शकलो ते घरमालकाने महिनाभर मुदत वाढवून दिली म्हणूनच. आमचं क्लोजिंग तीन आठवडे पुढे गेलं. त्या सकाळी मी स्टूल घेऊन पुन्हा किचनमध्ये उभा राहिलो आणि नव्या छतावर तळहात टेकवला. कोरडं होतं, रंगाचा वास अजून येत होता. इन्स्पेक्टरने तिथेच मीटर लावून आकडा दाखवला, मी त्याचा फोटो वकीलबाईंना पाठवला आणि त्यांचं उत्तर आलं, “या सहीला.”